घर ताईचं, सूट भाऊजींची

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, ज्या कारखान्यात नोकरीला आहेत तिथे बाटल्यांची झाकणं बनतात. भाऊजींनी जन्मात एक झाकण बनवलेलं नाही. ते पगारपत्रक करतात. वरच्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची काचेची खोली आहे. त्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि छतापर्यंत फायली. वर्षातून दीड महिना या खोलीबाहेर रांग लागते, कारण सगळ्यांना कराचे फॉर्म भरायचे असतात आणि ते भाऊजींशिवाय कुणाला जमत नाहीत. निदान असं भाऊजींचं म्हणणं.

कारखान्यात त्यांना 'वजावट' म्हणतात. 'वजावट आले का रे?', 'जा, वजावटला दाखव.' त्यांना हे ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना अभिमानच वाटतो. घरासाठी कर्ज काढलं की त्यावर जे व्याज भरतो ते आपल्या उत्पन्नातून वजा धरतात आणि तेवढा कर कमी बसतो, ही ती वजावट. गोष्ट एवढीशी. पण भाऊजी ती अशा थाटात सांगायचे, की सरकारने ती खास त्यांना विचारून काढली असावी.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी घर घेतलं तेही त्यासाठीच. ताईला घर हवं होतं म्हणून नाही. ती दहा वर्षं मागत होती तेव्हा 'बघू' म्हणायचे. एके दिवशी हिशेब मांडला, वजावटीचा आकडा निघाला आणि स्वारी दुसऱ्या दिवशी बँकेत! तिसरा मजला, दोन खोल्या आणि मागे एक लांबट खोली. स्वयंपाकघराला खिडकी नाही. ताई पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथे भिंतीत एक खिडकी काढून घेऊ या हो."

"किती लागतील?" भाऊजींनी विचारलं. ताईने आकडा सांगितला. "खिडकीला वजावट नाही. फुकट कशाला घालवायचे?"

हे त्यांचं पालुपद. पडदे? फुकट कशाला घालवायचे. गळका नळ? बादली लाव, फुकट कशाला घालवायचे. आणि हाच माणूस दर महिन्याला बँकेला व्याज घालताना असा खुलायचा की काय सांगू! व्याजाचे दहा दिले की कराचे तीन वाचतात, म्हणायचे. "मग सात कुठे जातात भाऊजी?" मी एकदा विचारलं. "मेहुणीबाई, तुला त्यातलं कळायचं नाही." मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. दहातून तीन गेले की सात राहतात, हे मला चष्म्याशिवाय दिसतं.

ताई मोठ्या ग्रंथालयाच्या बाइंडिंग विभागात होती, एकोणीस वर्षं. फाटकी पुस्तकं उसवायची, पानं लावायची, दाभणाने भोकं पाडून शिवायची, पुठ्ठा चढवून शिकंज्यात आवळायची. हात असा, की तिने शिवलेलं पुस्तक उघडलं की पान सपाट पडतं. पगार मात्र इतका बेताचा, की त्यावर करच बसत नसे. त्यामुळे भाऊजींच्या लेखी तो पगार नव्हताच. मग ग्रंथालयाने तो विभाग बंद केला आणि सगळ्यांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवलं. ताईने घरी येऊन तो चेक ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "यात कर्ज जवळजवळ फिटतं. फेडून टाकू या. मागच्या खोलीत मी शिकंजा बसवते. दुकानदारांच्या वह्या, शाळांची पुस्तकं, कामाला तोटा नाही."

घर घेतल्यापासून तिने मागितलेली ही एकच मोठी गोष्ट. मी तिथेच बसले होते.

"वेडी आहेस का?" भाऊजी म्हणाले. "कर्ज गेलं की वजावट गेली!"

झालं. पैसे ठेवीत गेले. कर्जावर व्याज नऊ टक्के, ठेवीवर सहा. ठेव ताईच्या एकटीच्या नावावर केली, कारण स्वतःच्या नावावर केली असती तर मिळणाऱ्या व्याजावर कर बसला असता. मागच्या खोलीत भाऊजींच्या जुन्या फायली आणि कारखान्यातून मोडीत काढलेली दोन कपाटं राहिली. ताई शिकंजा म्हणून जेवणाच्या टेबलावर विटा ठेवायची आणि जेवायच्या वेळी त्या उचलायची. मी चिडून म्हणायचे, "अगं, तोंड आहे ना तुला?" ती म्हणायची, "आहे की. वापरीन कधीतरी."

आता भाऊजींच्या शहाणपणाचा कळस ऐका. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे जेवते. भाऊजी जेवताना हसत सुटले. कारखान्यात माल उचलायच्या गाडीचा एक ड्रायव्हर आहे, तो फॉर्म घेऊन आला होता. घर त्याच्या आईच्या नावावर, कर्ज त्याच्या नावावर, आणि हा वजावट मागतोय!

"म्हटलं, बाबा रे, घराचा मालक तू नाहीस. मालक आणि कर्जदार एकच माणूस लागतो. उद्या शेजाऱ्याच्या घराचे हप्ते भरशील आणि वर सूट मागशील! तोंड बघण्यासारखं झालं त्याचं." हसता हसता त्यांना ठसका लागला. ताईने पाणी दिलं. त्या ड्रायव्हरने पुढे दोन वर्षं आईच्या दवाखान्याचा खर्च सांभाळून पूर्ण कर भरला, हे मला त्याच्या चष्म्याची काच बदलताना कळलं.

तर या वर्षी भाऊजींना कर कार्यालयाचं पत्र आलं. सात वर्षं वजावट घेतलीत, तिचे कागद आणून दाखवा. दुसरा कुणी असता तर त्याने वकील गाठला असता. भाऊजी उलट फुलले! "येऊ दे. माझा एक कागद इकडचा तिकडे निघायचा नाही." खरेदीखत, कर्जाचा करार, हप्त्यांच्या पावत्या, सगळा ढीग ताईपुढे टाकला आणि म्हणाले, "असं शिव, की बघणाऱ्याने उभं राहिलं पाहिजे."

दोन दिवसांनी ताईचा दुकानात फोन. "येतेस का जरा?" गेले. टेबलावर कागदांची चवड, बाजूला दाभण, मेणाचा दोरा. शिवायच्या आधी ताई प्रत्येक पान बघते, क्रम लागलाय का म्हणून. वाचत नाही, नुसतं बघते. पण या वेळी एका पानावर थांबली होती. खरेदीखताचं दुसरं पान. तिने बोट ठेवलं.

"तुझा धंदा चष्म्याचा आहे. सांग, मला नंबर लागलाय, की इथे खरंच माझं नाव आहे?"

मी वाचलं. 'खरेदीदार' म्हणून ताईचं नाव. एकटीचं. भाऊजींचं नाव त्या खतात कुठेच नव्हतं, साक्षीदार म्हणूनसुद्धा नाही. मग कर्जाचा करार काढला. तिथे भाऊजी एकटे. ताईला आठवलं, घर घेताना बाईच्या नावावर केलं तर नोंदणीची फी कमी पडते असं कळल्यावर भाऊजी किती खूश झाले होते. 'इथे सही कर', एवढंच तिला सांगितलं होतं. आणि कर्जात दुसरं नाव घातलं तर बँक कागदपत्रांचे जास्तीचे पैसे घ्यायची, म्हणून तिथे ताईचं नाव घातलं नाही. दोन ठिकाणी थोडे थोडे वाचवले. मग सात वर्षं फॉर्मवर 'घराचा मालक' या रकान्यात बिनदिक्कत लिहीत राहिले, 'स्वतः'. खोटं म्हणून लिहिलं नाही हो! घर दुसऱ्या कुणाचं असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. घरात राहणारी दुसरी होती कोण, तर ताई. त्यांचे फॉर्म तपासणारेही तेच, भरणारेही तेच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"अगं, हे तर त्या ड्रायव्हरचंच!" मी ओरडले. "भाऊजी मेले आता."

"मला आठवतंय," ताई म्हणाली. "तेव्हा पाणी मीच दिलं होतं."

तेवढ्यात भाऊजी आले. ताईने सरळ विचारलं, "अहो, हे कागद एकदा नीट बघून घेता का? खरेदीखत बघा."

भाऊजींनी बूटसुद्धा काढले नव्हते. "तू दोरा नीट घाल. कायदा मी बघतो."

मी तोंड उघडणार होते. ताईने माझ्या पायावर पाय ठेवला. मग तिने मेणाचा दोरा ओवला आणि ती फाइल शिवली. कापडी पाठ, वर जाड पुठ्ठा. इतकी देखणी फाइल मी पाहिली नाही.

कर कार्यालयात आम्ही तिघं गेलो. अधिकारी म्हणजे तिशीची एक बाई, टेबलावर टिफिनचा डबा आणि कागदांचा डोंगर. फाइल हातात घेऊन ती म्हणाली, "वा! शिवलीय कुणी?" भाऊजी म्हणाले, "आमच्याकडे असंच असतं." तिने दुसरं पान उघडलं. ते सपाट पडलं, ताईचं काम ते. तिने वाचलं, मागचं पुढचं बघितलं, मग परत वाचलं.

"घर कुणाचं?"

"आमचं."

"कागदावर?"

भाऊजींनी वाकून बघितलं. त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा बघितलं. अख्ख्या कारखान्याला वजावट समजावणारा माणूस, त्याला आपल्या बायकोचं नाव वाचायला एवढा वेळ लागला. शेवटी म्हणाले, "हिचं."

"मग यांच्या घराची वजावट तुम्ही कशी घेतली?" त्या बाईने आवाज अजिबात चढवला नाही. सात वर्षांची सूट परत, वर व्याज, वर दंड. ऐकताना मला आनंद झाला. झाला तर झाला, लपवू कशाला?

बाहेर आल्यावर वाटलं, हा माणूस आता मान खाली घालून दोन शब्द तरी बोलेल. छे! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी खिशातून पेन काढलं. "हे बघ, सोपं आहे. तुझी ठेव मोडू, त्यातून दंड भरू. आणि घर माझ्या नावावर करून दे. म्हणजे उरलेल्या वर्षांची वजावट तरी पदरात पडेल."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. "माझे पैसे, माझं घर. आणि वजावट तुमची?"

"अगं, आपलंच आहे ना सगळं!"

"हो," ताई म्हणाली. "आजपर्यंत मलाही तसंच वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बँकेत गेली. ठेव तिच्या नावावर होती, तिने मोडली. पैसे भाऊजींच्या कर्जखात्यात भरले. मी खिडकीवरच्या माणसाला विचारलं, "खातेदाराची सही नको?" तो म्हणाला, "कर्ज घ्यायला लागते. फेडायला कुणाचीही चालते." थोडे कमी पडले ते मी घातले. कर्ज शून्य झालं. पावती ताईने घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि बाहेर येऊन रस्त्यातच रडली. मग नाक पुसून म्हणाली, "गवंड्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

भाऊजींनी दोन दिवस आदळआपट केली. मागची खोली रिकामी करायला सांगितल्यावर तिसऱ्या दिवशीही केली. पण करणार काय? दंड त्यांच्या पगारातून कापला जातो आणि पगारपत्रकावर ती कपात दर महिन्याला त्यांनाच स्वतःच्या हाताने लिहावी लागते. तीन वर्षं लिहायची आहे. त्यांच्या खोलीबाहेर यंदाही रांग लागली, पण लोक हल्ली फॉर्म पुढे करण्याआधी मालकाचा रकाना हळूच दोनदा वाचतात. तो ड्रायव्हर त्यांना अजून नमस्कार करतो. त्याला कुणी काही सांगितलं नसावं, किंवा माणूस चांगला असावा.

आता मागच्या खोलीत लोखंडी शिकंजा आहे, फरशीला बोल्टने आवळलेला. स्वयंपाकघराला खिडकी आहे. मी सुट्टीच्या दिवशी ताईच्या हाताखाली काम करते. परवा दुपारी आम्ही शाळेची पुस्तकं शिवत होतो तेव्हा भाऊजी दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "काय म्हणतो मी... घरावर माझंही नाव घालून घेऊ या का?"

"कशाला? कर्ज संपलं. वजावट तर नाही आता."

"वजावटीसाठी नाही गं." त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला. "असंच. घर आहे म्हणून."

मला, खरं सांगते, त्यांची थोडी दया आली. ताईनेही हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"किती फी लागते त्याची?" तिने विचारलं.

भाऊजींनी कागद न बघता शेवटच्या आकड्यापर्यंत सांगितली. सवयच ती.

ताईने शिकंज्याचा दांडा धरला आणि आवळला.

"बाप रे," ती म्हणाली. "फुकट कशाला घालवायचे?"

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी सुईत दोरा ओवत होते. मी मान वर केली नाही.