कपाटात राहिलेली कार्डं

निवृत्त माणसं फुकट का राबतात, याची उत्तरं लोकांकडे तयार असतात. मन रमतं म्हणून, पुण्य लागतं म्हणून. मध्यंतरी आसनगावच्या एका मंडळानं माझा सत्कार ठरवला. मी नकार कळवला. आमचे हे म्हणाले, "अगं, एक शाल घ्यायला काय जातंय?"

नाही घेतली. का, ते आज लिहून टाकते.

डोळखांबकडच्या एका पाड्यावर मी शिक्षिका होते. दिवाळी झाली की ट्रक यायचा आणि निम्मा वर्ग आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायचा. जाणाऱ्या मुलाला शाळेनं कार्ड द्यायचं असतं. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. पण कार्ड दिलं की मूल गेल्याचं कागदावर येणार, पट घसरणार, शाळा बंद पडणार, ही भीती. मी कोरी कार्डं कपाटात ठेवली आणि गेलेल्या मुलांची हजेरी लावत राहिले. तिसरीतली एक मुलगी उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे हजर होती आणि मुरबाडजवळ विटा वाहत होती. परतली तेव्हा वाचायचं विसरली होती. पुन्हा वर्गात आली नाही. शाळा तर वाचली ना, असं मी स्वतःला सांगत राहिले.

दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता दिवाळीनंतर पाड्यांवर जाऊन कार्डं भरते, सही-शिक्का शाळेतून आधीच घेऊन ठेवते.

यंदा त्याच पाड्यावर ती मुलगी भेटली. वीसेक वर्षांची झालेली, ट्रकमध्ये भांड्यांचं गाठोडं चढवत होती. शेजारी धाकटी बहीण, तीही तिसरीतली.

"हिचं कार्ड भरू?"

"माझ्या टायमाला नव्हता का कार्ड, बाई?"

"होतं. कपाटात. दिलं नाही. तुझी हजेरी लावत होते."

ती ट्रकमधल्या आईकडे वळली. "आयकलंस गो? मी इटा पण उचलल्या नि शालंत पण बसले. डबल डुटी!"

बायका खो खो हसल्या. मी माफीसाठी तोंड उघडलं.

"ता राहू द्या. लिवा. डायवर थांबाचा नाय."

गुडघ्यावर ठेवून लिहिलं. तिनं कार्ड बहिणीकडून मोठ्यानं वाचून घेतलं, मग पदरात बांधलं.

"शालंनी घेतला नाय तर?"

"फोन कर. मी येते."

"येताव? बघू."

आठ दिवसांनी फोन आला. भट्टीजवळच्या शाळेनं धाकटीला परत पाठवलं होतं. मंडळानं सत्काराला ठरवलेला दिवस तोच. मुरबाडची एसटी धरली आणि मुलीला घेऊन शाळेच्या ऑफिसात जाऊन बसले.

"पुढच्या वर्षी बघू, मॅडम," गुरुजी म्हणाले. हे वाक्य मीही कितीदा वापरलंय.

"नाव लिहीपर्यंत उठणार नाही. पोलीस बोलवायचे तर बोलवा."

मधल्या सुट्टीनंतर गुरुजींनी नाव लिहिलं. निघताना मी हजेरीपट मागून पाहिला. तिच्या नावापुढे हजेरी लागली होती. मान वर केली. दुसऱ्या रांगेत ती बसलेली होती.