भरून काढलेलं पान

दूध वर येण्याच्या बेतात होतं. एक डोळा दुधावर आणि एक घड्याळावर ठेवून तो ओट्याशी उभा होता, तेवढ्यात दार वाजलं. बायको सव्वासहालाच बाहेर पडली होती. हल्ली रोजच पडायची. गॅस बंद करून, फडक्याला हात पुसत तो दाराशी गेला.

दारात दवाखान्यातली सिस्टर उभी. गेल्या वर्षी हिनंच बायकोच्या हातात सोळा वेळा सलाइनची सुई खुपसली होती. ‘या’ म्हणायच्या आधीच त्यानं विचारलं.

“रिपोर्टमध्ये काही निघालं का?”

“छे हो! ड्यूटीवर जाता जाता आले. फोटोग्राफर आहेत का घरात?”

त्यानं नकळत शर्ट सारखा केला. चौकात त्याचा एकतीस वर्षांचा स्टुडिओ. निम्म्या गावाचे चेहरे त्याच्या हाताखालून गेलेले. ‘हनुवटी खाली’ म्हणायची सवय इतकी, की पोरं त्याला हनुवटीकाकाच म्हणत.

“बोला, मीच.”

“तुम्ही नाही, काका. ताई!”

बायको ताई आणि आपण काका, हेही त्याला टोचलं. सिस्टर उत्साहानं सांगत होती. सलाइनच्या खुर्च्यांसमोरची भिंत रिकामी होती, तिथं ताईंचा फोटो लावायचं ठरलं होतं. तोच, गेल्या तपासणीला त्यांनी सगळ्यांना दाखवलेला, पानाचा. “पेशंट तासन्‌तास त्या भिंतीकडे बघत बसतात हो. ताईंनाच विचारा, त्याही बसल्यात. आणि मोठी प्रिंट तुम्ही काढून द्याल ना?”

“देईन की,” तो हसून म्हणाला. हसता हसता दाढा आवळल्या गेल्या.

खरं तर हे सगळं त्याचंच करणं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तेव्हा ती कंटाळायची. “नुसतं काय चालायचं?” म्हणून त्यानंच स्टुडिओतला जुना कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला होता. त्याआधीचं वर्ष भयंकरच होतं. पण त्या वर्षात ती चार पावलांवरच्या मोरीत जायची तरी “अहो” म्हणायची. ब्लाउजची बटणं तो लावायचा, केस गेले तेव्हा रुमाल तो बांधायचा. आता ती पाण्याच्या टाकीमागच्या पडीक जागेत दोन-दोन तास पालथी पडून किडे बघायची आणि गालांवर रंग घेऊन परतायची. तो रंग आणण्यासाठी त्यानं वर्षभर काय काय केलं होतं! एका नाकतोड्यानं तो आठवडाभरात आणला. त्याला नाकतोड्याचा राग यायचा, आणि मग स्वतःचाही.

दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं पानाचा फोटो कॉम्प्युटरवर उघडला. हिरवंगार पान, मागून ऊन. उजेड इतका नेमका, की असा आपल्याला का नाही साधला म्हणून त्याला क्षणभर वाईटच वाटलं. पानाच्या कडेला मात्र तीन अर्धगोल कातरे होते. फोटो साफ करताना त्याचा एक नियम होता: तीळ विचारल्याशिवाय काढायचा नाही, पुरळ न विचारता काढायचं. हात आपसूक चालला. शेजारचा हिरवा रंग उचलून त्यानं कडा भरली. आता पान कसं वधूच्या फोटोसारखं दिसायला लागलं. प्रिंट निघाली तेव्हा बायको दारातच उभी होती.

“बघू!” तिनं कागद उजेडात धरला. “अहो, हे कुठलं पान?”

“तुझंच. जरा साफ केलं.”

“कातरे कुठे गेले?”

“अगं, दवाखान्यात लावायचंय. किडकं पान कोण बघणार?”

“किडकं नाही ते.” ती स्टुलावर बसली. “एक मधमाशी असते, ती पानं कातरून नेते. पिल्लांच्या घराला अस्तर लावते. मला वाटलं, संपलं हे पान. म्हणून रोज बघायला जायचे. ते तसंच राहिलं, हिरवंगार. मी तेवढ्यासाठीच काढला होता फोटो. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना तेच दाखवायचं होतं.”

त्यानं माउस उगाचच इकडून तिकडे सरकवला.

“सवयीनं झालं,” तो म्हणाला.

ती बघत राहिली. तिच्या बघण्यातून सुटणं अवघड.

“बरं, अर्धं सवयीनं.”

“आणि अर्धं?”

“जळून.”

“कोणावर? माझ्यावर?”

“तुझ्यावर, कॅमेऱ्यावर. त्या नाकतोड्यावरसुद्धा.”

ती इतकी हसली, की तिला खोकला आला. “नाकतोड्यावर? तो तर हनुवटीसुद्धा खाली करत नाही! अहो, तुमचं गिऱ्हाईक तरी स्टुलावर बसतं, माझं भुर्रकन उडून जातं.”

“हस तू. तू आजारी होतीस तेव्हा तुला माझ्यावाचून चालत नव्हतं. ते वर्ष परत नको, देवा शपथ नको. पण आता सकाळी जाग येते तर शेजारी नुसती उशी असते.”

हसू ओसरलं. तिनं प्रिंट त्याच्यासमोर ठेवली. “तुम्हाला झोप लागावी म्हणून चपला हातात घेऊन निघते मी. वर्षभर कुठे झोपला होतात तुम्ही?”

त्यानं मूळ फोटो पुन्हा उघडला, तिन्ही कातऱ्यांसकट, आणि प्रिंटरमध्ये नवा कागद घातला. कागद सरकत बाहेर येऊ लागला.

“एक सांगू?” तो कागदावरची नजर न उचलता म्हणाला. “उद्या मलाही बरोबर ने.”