जे तपासायला आलेच नाहीत

दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. दातांच्या दवाखान्यात तर जास्तच. खुर्चीत तोंड उघडं असतं तोवर पेशंटला बोलता येत नाही, आणि खुर्चीतून उतरला की तो बोलायचा थांबत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरहून शिकून भंडाऱ्याला मेश्राम सरांच्या हाताखाली लागलो. सर जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावायचे. इम्प्लांट! आमच्याकडे हे नवीनच होतं. सरांना एकच काळजी खायची, हे दात खरंच टिकतात का?

*

अड्याळच्या सगुणाबाई सरांनी बसवलेला दात तपासून घ्यायला आल्या. सरांनी विचारलं, "दात कसा आहे?"

"एकदम बेस हाये."

सर खूष. मी आपलं तोंडात घालायच्या छोट्या आरशाच्या दांड्यानं ठोकून पाहिलं, तर दात चक्क हलला.

"बाई, सांगितलं काहून नाही?"

"डॉक्टरसायबानं एवढी मेहनत केली. त्याहिले वाईट वाटलं असतं ना."

त्या दिवसापासून नियम झाला. ज्यानं दात बसवला त्यानं तो तपासायचा नाही, आणि "कसा आहे" म्हणून विचारायचं तर अजिबातच नाही. दात हलवून मी बघायचो, एक्स-रे मी वाचायचो. सर बाहेर येरझाऱ्या घालायचे, परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखे.

*

नागपूरला डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये सरांना या दातांवर बोलायचं होतं. मी म्हणालो, "सर, जे तपासायला आले त्यांचे बहुतेक दात घट्ट आहेत."

"आणि जे आलेच नाहीत?"

"बरे असतील, म्हणून नाही आले."

"की दात पडला म्हणून नाही आले?"

रविवारी मोटारसायकल काढली आणि आम्ही दोघं निघालो त्यांना शोधायला.

वरठीत एक पेशंट कारखान्यातून सायकलवर येताना दिसला. आम्हाला बघताच त्यानं सायकल वळवली. रेल्वे फाटक बंद होतं म्हणून सापडला.

"भाऊ, पळून काहून राहिला?"

"लय दुखे साहेब. दुसरीकडं काढून टाकला तो दात. तुमाले कोणत्या तोंडानं भेटू?"

"फेल," सर हळूच म्हणाले.

*

साकोलीचा पेशंट आमच्याकडच्या गावोगावच्या झाडीपट्टीच्या नाटकांत राजा व्हायचा. समोरचा दात पडल्यावर त्याला कामं मिळेनात, म्हणून सरांनी इम्प्लांट बसवला होता. स्टँडवरच्या पानवाल्याला पत्ता विचारला. तो म्हणाला, "तो तं वारला."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "जबड्यातून इन्फेक्शन गेलं असेल का रे?"

"सर, आधी घरी तर जाऊ."

दारात त्याची बायको भेटली. सरांनी कसंबसं विचारलं, "काय झालं होतं?"

"कावीळ. नागपूरले नेलं, पण उशीर झाला."

"आणि दात? दुखत होता का? सूज वगैरे?"

"कधीच नाही." ती आत गेली, कुंकवाची डबी घेऊन आली आणि उघडून सरांपुढे धरली. आत काळपटलेला छोटा स्क्रू.

"राखेत सापडला. नदीत नाही सोडला, म्हटलं तुमचा हाये." तिनं डबी सरांच्या हातात दिली.

"दात तुमचा पक्का निंगाला, डॉक्टरसायेब. माणूसच नाही टिकला."