दादाच्या शेडमधला अमोनिया

मंडळी, दवाखान्यातूनच लिहिते.

आज सकाळी करकंबला दादाकडे गेले. घराला लागूनच त्याचं कोंबड्यांचं शेड आहे. थंडीमुळे शेडचे पडदे खाली सोडलेले होते. वहिनी खाद्य टाकायला आत गेली, मीही मागोमाग गेले. आत जाताच डोळ्यांतून पाणी आलं, घसा जळजळायला लागला.

"वहिनी, इथं कशी काय थांबतेस तू?"

"सवय झालीय की," म्हणत ती हसली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. दम लागला, ओठ निळे पडले. दादानं आणि मी तिला धरून बाहेर आणलं, गाडीत घालून पंढरपूरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "ओल्या विष्ठेतून अमोनिया निघतो, बंद शेडमध्ये तो कोंडतो. यांना दमा आहे, परत आत पाठवू नका."

"मला वाटलं, नुसता वासच हाय," दादा म्हणाला.

वहिनीला ऑक्सिजन लावलाय. दादा पडदे उघडायला आणि कोंबड्यांखाली अंथरलेलं भाताचं भिजलेलं तूस काढायला घरी गेलाय. पण माझी धाकधूक वेगळीच आहे. शेडच्या पलीकडच्या घरात बाळंतीण आहे. पडदे वर केले की सगळी हवा तिकडंच जाणार.

तुमच्यापैकी कुणाची पोल्ट्री वस्तीत आहे का? अमोनिया मुळातच कमी व्हावा म्हणून तुम्ही काय करता? लगेच सांगा. दादाला फोन करायचाय.