हरभऱ्यातला सायकलरस्ता

मी एकदा उभ्या हरभऱ्यातून सायकलींसाठी रस्ता काढला. आज शाळेच्या मैदानावर पोरं कबड्डीच्या रेघांसाठी चुन्याची फक्की टाकत होती, तिचा वास नाकात शिरला आणि ते सगळं आठवलं.

माझा चुलत भाऊ सुदाम हॉलंडहून आमच्या गावी, लिंबागणेशला आलता. तिथलं त्याचं शहर म्हणे आधी गाई-गवताची दोन-चार खेडी होती. मग कुणीतरी सगळं कागदावर आखलं आणि सायकलींना वेगळे रस्ते दिले. पारावर सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते. घरी बायकोने त्याला चहा दिला, तोही माझ्या निळ्या फुलांच्या कपात. माझ्या पोटात जे पेटलं, ते त्या चहापेक्षा कढत होतं.

सकाळी उठून मी घरापासून सडकेपर्यंत फक्कीच्या दोन सरळ रेघा मारल्या आणि मधला हरभरा उपटून टाकला. पाल्यावरच्या आंबट आंबीने हात चरचरत होते, पण छाती फुगलेली. तेवढ्यात भिवा धनगराची मेंढरं सडकेने आली. पुढचं एक माझ्या रस्त्याला वळलं आणि मागोमाग सगळा कळप. दोन्ही बाजूंचा हरभरा त्यांनी सावकाश, चवीनं खाल्ला.

"मालक, मेंढरांना एवढी झ्याक वाट कावून केली?" भिवानं विचारलं.

आता कळतं, मला सुदामचं शहर नकोच होतं. पारावरची ती उघडी तोंडं हवी होती. अजूनही त्याचा फोन आला की पोटात तसंच होतं.

त्या दिवशी सुदाम रस्ता बघायला आला. "दादा, रस्ता लई भारी हाय. सायकल कुठंय?"

बायको बांधावरूनच म्हणाली, "सायकल आधी बी न्हवती, भावजी. आता हरभरा बी न्हाई."