अज्जाच्या आधी

मोनप्प गट्टी ज्याच्यावर जळायचा तो माणूस नव्हता, हीच त्याची मोठी अडचण होती. माणूस असता तर त्याला कुठेतरी गाठलं असतं, चहा पाजून किंवा दम भरून काहीतरी मिटवलं असतं. पण मोनप्प जळायचा तो कोरगज्जावर, गावच्या राखणदार दैवावर.

नेल्लिपदव गावाबाहेर, काजूची झाडं संपतात तिथे जांभ्या दगडाचा कट्टा आहे. वर छप्पर नाही, मूर्ती नाही. तोच अज्जाचा कट्टा. गावात कोणाची अंगठी हरवली, गाय परतली नाही, वाळत घातलेली सुपारी नाहीशी झाली, की माणसं त्या कट्ट्यासमोर जाऊन उभी राहायची. ‘अज्जा, एवढं मिळवून दे, चकली आणि विडा ठेवीन,’ एवढंच म्हणायचं आणि घरी जाऊन निवांत झोपायचं.

आणि मोनप्प त्या गावचा पोलीस होता.

म्हणजे ठाणं होतं तालुक्याला, पण नेल्लिपदवचा बीट त्याच्याकडे होता आणि राहायलाही तो तिथेच, बायकोच्या घरी होता. दहावीनंतर दोन वर्षं शिकून, धावून, छाती फुगवून तो शिपाई झाला तेव्हा घराण्यातला पहिला सरकारी नोकर होता. पुढे बढती मिळून दफेदार झाला. गणवेशाची इस्त्री तो स्वतः करायचा. कोणाचा नारळदेखील घेत नसे. त्यातही पंचाईतच होती. नारळ परत पाठवला की देणारा घाबरायचा, ठेवून घेतला असता तर गाव बोललं असतं. तो संजीवच्या हॉटेलात शिरला की कोंबड्यांच्या झुंजीची गोष्ट मध्येच थांबायची आणि सगळे एकदम पावसापाण्यावर बोलायला लागायचे. लग्नात त्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळे आणि शेजारच्या दोन्ही खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहत.

नव्या इन्स्पेक्टरनं तर सगळ्यांसमोर विचारलं होतं, “काय हो दफेदार, वर्षभरात तुमच्या गावातून एक तक्रार नाही. रामराज्य आहे का तिकडे?”

ठाण्यातले सगळे हसले होते. मोनप्पही हसला होता. पण घरी येताना कट्ट्यावरून मोटारसायकल नेली तेव्हा तिथे नव्या चकल्यांची माळ दिसली. कोणाचं तरी काहीतरी गेलं होतं, मिळालंही होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

कट्ट्याची झाडलोट करायचा ऐतप्प. हा मोनप्पाचा शाळेतला सोबती. चौथीत शाळा सोडून झाडावर चढला तो आजतागायत नारळ-सुपारी पाडतो. लोक त्याच्यापाशी येऊन बसायचे, पान खायचे, हसायचे, रडायचेसुद्धा. मोनप्पानं हे लांबून कितीदा पाहिलं होतं. आपल्या मोबाइलचा नंबर त्यानं गावात सात ठिकाणी रंगवून घेतला होता. त्यावर फोन यायचे ते चुकून.

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी तो संजीवच्या हॉटेलात बन्स खात होता. पैसे घेताना संजीव हळूच म्हणाला, “काळजी नका करू दफेदार. साखळी मिळेल. अज्जाच्या कानावर घातलंय ना तुमच्या घरच्या अक्कानं.”

मोनप्प सुटे पैसे मोजायचा थांबला. कसली साखळी? पण पोलिसाला गावातली गोष्ट माहीत नाही, तीही स्वतःच्या घरातली, हे दाखवायचं कसं?

“हो, हो,” तो म्हणाला. “मीच म्हटलं तिला, जाऊन ये.”

आजूबाजूच्या बाकांवर माना खाली गेल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला सोडून.

घरी त्याची बायको जलजाक्षी ओसरीवर विड्या वळायला तेंदूची पानं कापत बसली होती. गळ्यात नुसतं काळ्या मण्यांचं करिमणी होतं. दुपदरी साखळी नव्हती. मोनप्पाच्या मनात आलं, किती दिवस नाही ही? आपण पाहिलंच नाही.

“साखळी कुठाय?”

“न्हाणीघराच्या खिळ्याला अडकवली होती. तेल लावून आंघोळ केली, घालायची विसरले. नंतर बघते तर नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगणारच होते.”

“कधी?”

“मिळाल्यावर.”

आतून सासूनं, म्हणजे मामीनं, खोकून घेतलं. मोनप्प टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिला.

“जलजा, अख्खा तालुका माझ्याकडे तक्रार द्यायला येतो—”

“कोण येतो?”

त्यानं टोपी खुंटीला लावली. मग म्हणाला, “घरात पोलीस असताना तू त्या ऐतूकडे गेलीस.”

“ऐतप्पाकडे नाही, अज्जाकडे. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?”

“शोधली असती. त्या दिवशी घरात कोण कोण आलं होतं? सुनंदा, तिची जाऊ, वरच्या घरची…”

“बघा. लगेच बोटं मोजायला लागलात.” तिनं कात्री खाली ठेवली. “समई हरवली होती तेव्हाही अशीच मोजली होती. ऐतप्प नारळ पाडायला आला होता, म्हणून त्याला ठाण्यात नेऊन दिवसभर जमिनीवर बसवलंत. समई निघाली आईच्या भाताच्या कणगीमागे. मग काय म्हणालात तुम्ही त्याला?”

“काय म्हणायचं? चौकशी होती ती. मारलं थोडंच?”

“तेच.” तिनं कात्री उचलली. “अज्ज कोणाला बसवून ठेवत नाही.”

हे शब्द मोनप्पाला झोंबले. बायकोनं दुसऱ्या पुरुषाचं कौतुक केलं असतं तरी एवढं झोंबलं नसतं. त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, साखळी शोधायची, आणि अज्जाच्या आधी शोधायची. एकदा तरी या गावाला म्हणू दे, दफेदारानं मिळवून दिली.

कामाला लागला तो रीतसर. तालुक्याच्या सोनारांकडे जाऊन आला. गहाणवट घेणाऱ्यांना नमुना सांगितला. मग गावात फिरला, साध्या लुंगीत, जणू सहज. पण पोलीस सहज येतो हे कोणाला पटतं? दुपारच्या वेळी त्याच्या ओसरीवर विड्या वळायला जमणाऱ्या पाचजणींच्या घरी तो एकेक करून गेला. पाणी मागितलं, मुलांच्या शाळेचं विचारलं, आणि बोलता बोलता नजर दाराआड, फडताळावर, दोरीवरच्या कपड्यांवर फिरवली.

शेजारच्या सुनंदाची जीभ तिखट. तिनं दाराची खालची फळी लावूनच ठेवली. “दफेदार आज वाट चुकले वाटतं. बसा म्हटलं असतं, पण आमच्याकडे बसायला घातलं की तुमच्याकडे बसायला यावं लागेल.”

“मी काही विचारायला नाही आलो, सुनंदा.”

“नाही ना? मग डोळ्यांना सांगा तसं. ते केव्हाचे आत जाऊन आलेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामी एकटीच सुपात पानं घेऊन बसली आणि एकटीच बडबडत राहिली. हात चालायला तोंड चालावं लागतं म्हणे. तिच्या विड्या निम्म्याच झाल्या. जलजाक्षी नवऱ्याला ताट वाढायची, शब्द वाढायची नाही.

मोनप्प मात्र हट्टाला पेटला होता. ड्यूटीवरून आला की फाटकासमोर खुर्ची टाकून बसायचा. कोण जातं, कोण थबकतं, कोण कुंपणावरून बघतं, सगळं टिपायचा. कट्ट्याकडे जाणारं कोणी दिसलं की त्याचा चेहरा आंबायचा. एकदा ऐतप्प खांद्यावर दोर टाकून समोरून गेला. त्यानं हात जोडले. मोनप्पाला वाटलं, हा हसला. हसला नव्हता, पण मोनप्पाला तसं वाटलं आणि तो संध्याकाळभर तेच चघळत राहिला.

शेवटी मामीनंच तोंड उघडलं. “जावई, रागावणार नसाल तर सांगते. तुम्ही असे फाटकात बसल्यावर अज्ज येणार कसा?”

“देवाला पोलिसांची भीती वाटते, मामी?”

“देवाला नाही हो,” मामी म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

मोनप्प खुर्चीत बसून राहिला. एवढी वर्षं गावात काढून ही गोष्ट त्याला कळत नव्हती असं नाही. पण कळणं आणि कबूल करणं यांत फरक असतो. कट्ट्यावर जाऊन नुसतं काय हरवलं ते सांगायचं, कोणाचं नाव घ्यायचं नाही, असा तिथला नियम. बातमी गावभर होते. मग ज्यानं घेतलं त्याची झोप उडते. चार-आठ दिवसांत वस्तू गवताच्या गंजीत, विहिरीच्या काठावर, कुठेतरी सापडते. अज्जानं आणली म्हणतात, चकल्या ठेवतात, संपलं. कोणी आणली ते कोणी विचारत नाही. त्याच्या ठाण्यात वस्तू परत करायची तर आधी नाव द्यावं लागतं, आणि नाव दिलं की माणूस जन्माचा चोर. कोण देईल? साखळी घेणारीचा, किंवा घेणाऱ्याचा, जीव आत्तापर्यंत मेटाकुटीला आला असेल. आणि तो इथे खुर्ची टाकून बसला होता, तिच्या परतीच्या वाटेवर.

अज्जाला हरवायला निघालेल्या मोनप्पानं साखळी मात्र हरवूनच टाकली होती.

रात्री जेवताना तो म्हणाला, “रविवारी तुझ्या मावशीकडे जाऊ. सगळेच. मामीपण.”

“काय काढलंत एकदम?”

“दिवसभर राहू. संध्याकाळच्या बसनं येऊ.”

जलजाक्षीनं भाताचा डाव हातातच धरला. “कुलूप जुनं आहे. नवं आणावं लागेल.”

“कुलूप नको,” मोनप्प म्हणाला. “कडीही नको.”

तिनं डाव पातेल्यात ठेवला. मग तिनं त्याच्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा वाढला.

शनिवारी तो संजीवच्या हॉटेलात गेला. नेहमीप्रमाणे बोलणं थांबलं. त्या शांततेचा त्यानं पहिल्यांदाच उपयोग करून घेतला. “संजीव, उद्या सकाळची बस किती वाजता रे? आम्ही सगळे गावाला चाललोय. घरी कोणी नाही. परत यायला संध्याकाळ होईल.”

“घर?” संजीवनं विचारलं.

“घराचं काय?”

“बंदोबस्त काहीतरी केला असेल ना तुम्ही.”

“कशाला?” मोनप्प म्हणाला. “गाव चांगलं आहे.”

असलं वाक्य तो नोकरीत कधी बोलला नव्हता. जीभ जरा अडखळलीच. मागच्या बाकावर कोणीतरी चहा भुरकायचं विसरलं.

मावशीकडे कोरी-रोट्टी होती, कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची कुरकुरीत रोटी, त्याची आवडती. त्यानं दोन घासांत ताट सरकवलं. डोळ्यांसमोर सताड उघडं दार येत होतं. घरात त्याचा बढतीच्या वेळचा गणवेश होता, टीव्ही होता, मामीच्या बांगड्या होत्या. त्याहून टोचत होतं ते वेगळंच. आज साखळी आली तरी नाव अज्जाचंच होणार. आपण एवढं घर उघडं टाकलं, याच्या चकल्या आपल्याला कोण ठेवणार?

दिवेलागणीला ते परतले. मामीचे गुडघे धरले होते, म्हणून मायलेकी सावकाश चढण चढत होत्या. मोनप्प पुढे आला. निघण्याआधी जलजाक्षीनं अंगण शेणानं सारवलं होतं. फाटक ढकलून त्यानं टॉर्च लावला.

सारवण ओलं असतानाच त्यावर पावलं उमटली होती. अनवाणी. आत जाणारी आणि बाहेर येणारी.

मोनप्प उकिडवा बसला. पोलीस प्रशिक्षणात पावलांच्या ठशांवर त्याला शाबासकी मिळाली होती. पावलाची लांबी, टाचेवरचा भार, अंगठ्याची ठेवण. त्याला फार वेळ लागला नाही. या वाटेवरून ते पाऊल तो वर्षानुवर्षं बघत होता. कोणाचं ते त्यानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे आपल्यालाही ठाऊक नाही.

न्हाणीघराच्या खिळ्याला साखळी लोंबत होती. घरातलं बाकी काही हललंसुद्धा नव्हतं.

जलजाक्षी आणि मामी फाटकापाशी पोचल्या तेव्हा दफेदार मोनप्प गट्टी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, शेणकाल्याची बादली आणि पोफळीचा झाडू घेऊन अंगण सारवत होता.

“हे काय?” जलजाक्षी म्हणाली.

“सकाळी नीट झालं नव्हतं,” तो म्हणाला. “कडेनं ये. आणि न्हाणीघरात बघ.”

दोन दिवस घरात चकल्यांचा वास होता. दुपारी ओसरीवर पाचहीजणी परत आल्या. सुनंदाही आली. मोनप्प ड्यूटीवरून आला तेव्हा ती कोणाच्या तरी सासूची नक्कल करत होती. ती थांबली नाही. तो तिच्यामागून आत निघून गेला.

चकल्यांतली एक त्याला मिळेल असं त्याला वाटलं होतं. पण जलजाक्षीनं सगळा डबा त्याच्या हातात दिला. “आधी कट्ट्यावर ठेवून या. तुम्हीच जा.”

ऐतप्प कट्ट्याभोवतीची काजूची पानं झाडत होता. त्यानं डबा घेतला, चकल्या मांडल्या. मोनप्प कडेला उभा होता.

“ऐतप्प, त्या समईच्या वेळी ठाण्यात…”

“विडा कुठाय?” ऐतप्प म्हणाला.

मोनप्पानं खिशातून विडा काढून दिला. ऐतप्पानं तो ठेवला, हात जोडले आणि एक चकली मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली. दोघे जमिनीवर बसून खाऊ लागले. थोड्या वेळानं ऐतप्प कट्ट्याकडे पाठ करून जवळ सरकला.

“दफेदार, कोण होतं हो?”

“म्हणजे?”

“साखळी. कोणी आणून ठेवली?”

“मी घरी नव्हतो.”

“नव्हतात. पण तुम्ही पोलीस. तुम्हाला कळलंच असणार.”

“अज्जाला विचार की. त्यालाच सगळं ठाऊक.”

ऐतप्पानं उरलेला तुकडा तोंडात टाकला. “अज्ज मला कुठे सांगतो? एवढी वर्षं इथे झाडतोय. लोक येतात, मागतात, मिळतं, जातात. मला एकदासुद्धा कळलं नाही, कोण होतं ते.”

मोनप्पानं त्याच्याकडे नीट पाहिलं. ऐतप्पाचे डोळे बारीक झाले होते, ओठ आवळले होते. तो चेहरा मोनप्पाला चांगला ओळखीचा होता. रोज सकाळी दाढी करताना तो आरशात बघत होता.

हात झटकून तो उठला. चकली उत्तम झाली होती.

“मोनू,” ऐतप्प वाटेपर्यंत मागे आला. “अरे, बाई की पुरुष, एवढं तरी सांग.”