मावशीच्या बांधावरची झाडं

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. उदगीर जिल्हा होणार, मुखेडकडची काही गावं त्यात जाणार, अशी बोलवा होती. त्याच उन्हाळ्यात मला एका कंपनीत काम लागलं. शेतकऱ्याला रोपं फुकट द्यायची, त्यानं ती बांधावर वाढवायची, झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून खोडात साठवणार आणि त्या साठ्याचा हक्क कंपनी परदेशातल्या धूर सोडणाऱ्या कारखान्यांना विकणार. जग तापतंय, त्यावर हा उपाय, असं आम्हाला शिकवलं होतं. आधीचा साठा किती ते कळावं म्हणून बांधावरची जुनी झाडं टेपनं मोजायची आणि करारावर सही घ्यायची, हे माझं काम.

मुखेडजवळ माझी मावशी राहायची. सासऱ्यानं गायरानात कसलेला तुकडा नावावर करून घेण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. घरची म्हणून पहिली सही तिचीच, असं मी धरून चाललो होतो. लिंबाला टेप गुंडाळली तशी ती बांधावर आली.

"काय मोजायलास?"

"खोड. किती कार्बन हाय ते कळतं."

"टेपवाला जमीन सोडून दुसरं काही मोजतो व्हय?"

मी सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"जिल्हा बदलणार म्हणतेत. कागद ह्या हाफिसातून त्या हाफिसात जाणार. अन् हे लोक नेमके आताच कसे आले?"

"त्याचा याचा संबंध न्हाई, मावशी."

"तुला काय ठाऊक? वाच तो करार. मोठ्यानं वाच."

खरं सांगायचं तर तो मीही पुरता वाचलेला नव्हता. नवव्या कलमाशी अडखळलो. तीस वर्षं कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय बांधावरचं जुनं-नवं कुठलंही झाड तोडायचं नाही, आणि ही अट वारसांनाही लागू.

"म्हणजे झाड माझं, झाडातलं त्याहीचं," मावशी म्हणाली. "अन् माझ्या लेकीनं त्याहीला विचारून फांदी तोडायची."

"फांदी न्हाई, झाड," मी म्हणालो, आणि म्हणताना लाज वाटली.

ती रागावली नाही, पण सहीही केली नाही. जेवायला वाढलं. "नोकरी कर बाबा. पण हे वाचल्याबिगर कुणाची सही घेऊ नको."

पुढच्या गावांत मी आधी नववं कलम वाचायला लागलो. सह्या कमी झाल्या. कंपनीच्या नांदेडच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुम्हाला वाचून दाखवायला ठेवलेलं नाही." महिन्याभरात मी काम सोडलं.

जिल्हा काही झाला नाही. मावशीचा तेवढा संशय खोटा निघाला. कंपनीची रोपं मात्र पाण्याविना बहुतेक वाळली. सही केलेल्यांच्या घरी करार तेवढे राहिले.